मावशीचं औषध माझ्या पोटात

मी एक जुना फ्रीज आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो! माझी मूठ एकदा बदलली आहे, डाव्या अंगाला थोडा गंज आहे. पण मित्रांनो, माझे पोट आजही थंडगार आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याला आकार दिला, तळाशी कॉम्प्रेसर बसवला आणि पाठीवर काळी जाळी. कॉम्प्रेसर म्हणजे माझे हृदय. पोटातली उष्णता बाहेर टाकते ती मात्र जाळी, आणि तिची आठवण कुणालाच राहत नाही.

मी आलो एका छोट्या घरात. बाबा बस चालवत. आई घरीच कपडे शिवत असे. त्यांना एक मुलगी होती, आणि आईची थोरली बहीण, म्हणजे मुलीची मावशी, त्यांच्याकडेच राही. माझे सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. बाबा घामाघूम होऊन येत, पाण्याची बाटली तोंडाला लावत आणि म्हणत, "अहाहा! जिवात जीव आला." शेजारच्या काकू काही काम नसताना माझे दार उघडून बघत. मी नुसता फुगून जाई.

पण नव्याचे नऊ दिवस! स्वयंपाकघरात टेबल आले, तशी बाबांनी मला भिंतीला घट्ट टेकवले. जाळीवर धुळीचे थर चढले. वाफाळती पातेली तशीच आत येऊ लागली. दाराच्या रबरावर सरबत सांडले, ते कुणी पुसले नाही. दार लागल्यासारखे वाटे, पण लागत नसे. बाहेरची दमट हवा आत शिरे आणि वरच्या कप्प्यात बर्फाचे डोंगर वाढत. मी सारखा घरघरत होतो. "म्हातारा फार कुरकुरतो," एवढेच बाबा म्हणत.

मावशीला मधुमेह होता. तिचे इन्सुलिन माझ्या दारातल्या कप्प्यात असे. काही दिवसांपासून तिची साखर वाढतच चालली होती. तिने जेवण निम्म्यावर आणले, तरी डोळ्यांपुढे अंधारी येई. एकदा जिन्यात ती मटकन खाली बसली आणि सगळे तिला घेऊन दवाखान्यात धावले. तिथे काय झाले, ते मुलीने नंतर काकूंना सांगितले, तेव्हा मला कळले.

डॉक्टरीणबाईंनी विचारले होते, "इन्सुलिन ठेवता कुठे?"

"फ्रीजमध्येच की!" आई म्हणाली.

"फ्रीज गार असतो ना पण? उबेत इन्सुलिनची ताकद जाते."

हे ऐकताच मावशीला घेऊन सगळे तडक घरी निघाले होते.

घरात पाऊल टाकताच आईने इन्सुलिनची बाटली हातात घेतली. कोमट! मित्रांनो, त्या क्षणी मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले.

बाबा भडकले. खरे तर ते घाबरले होते. "बर्फ फोडून बघतो. नाही सुधारला तर उद्याच भंगारात!" असे म्हणत त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उगारला.

"अहो, थांबा!" आईने त्यांचा हात धरला. "त्या पत्र्यात गॅसच्या नळ्या असतात. भोक पडलं तर कायमचा गेला."

"मग काय अंगाई म्हणू त्याच्यापुढे?"

"काही म्हणू नका. प्लग काढा. माझं मशीन अडकतं तेव्हा मी ते फेकून देते का? आधी साफ करते."

मग दार सताड उघडून बर्फ आपोआप वितळू दिला. फडकी पिळून पिळून मुलीचे हात लाल झाले. बाबांनी मला पुढे ओढले आणि माझी पाठ पाहिली. "अगं, हा तर घोंगडी पांघरून बसलाय!" ते पुटपुटले. मऊ ब्रशने त्यांनी स्वतः सगळी धूळ काढली. आईने कोमट साबणाच्या पाण्याने रबर पुसले. मग दारात कागद धरून दार लावले आणि कागद ओढला. खालच्या कोपऱ्यातून तो सुळकन बाहेर आला. रबर तिथे फाटले होते. दुरुस्तीवाल्याने ते बदलले आणि मला भिंतीपासून वीतभर पुढेच उभे केले.

प्लग लागला. कॉम्प्रेसर गुणगुणू लागला. दुसऱ्या दिवशी मावशीने आत हात घातला आणि ती चक्क हसली. "गार आहे गं! माझी बोटं बधिर झाली." आईने नवे इन्सुलिन मधल्या फळीवर, बर्फापासून लांब ठेवले. पुढच्या तपासणीत मावशीची साखर आटोक्यात आली.

आता बाबा कुणालाही गरम पातेले आत ठेवू देत नाहीत. "आधी निवू दे. त्याला ताप आणायचाय का?" असा दम भरतात. काकूंच्या घरी जाऊन त्यांनी तिथल्याही फ्रीजची पाठ साफ केली म्हणे!

मित्रांनो, वस्तू जुनी झाली म्हणून निकामी होत नाही. पण तिच्याकडे पाठ फिरवली तर होते. तुमच्या फ्रीजच्या दारात एकदा कागद धरून बघा. तो सहज निघाला, तर घरातल्या मोठ्यांना सांगा. आमच्या पोटात कुणाचे दूध असते, कुणाचे औषध. ते आम्ही जिवापाड सांभाळू. तुम्ही फक्त अधूनमधून एक दुपार आमच्यासाठी काढा.