दीपालीचं बोट कोण चालवतं?

त्या वर्षी बारावीचा निकाल तोंडावर आला तशी लातूरजवळच्या मुरुडला नागाबाईच्या दारात पाय ठेवायला जागा उरत नसे. ओट्यावर तिची सात वर्षांची लेक दीपाली आणि शेजारी तिचं मनगट धरून बसलेले गुंडप्पा गुरुजी. पुढ्यात अक्षरं रंगवलेली पाटी. आयाबाया विचारत, "पोराचा मेडिकलला नंबर लागंल का?" गुरुजी मंत्र पुटपुटत, दीपालीचं बोट अक्षरांवरून सरसर फिरे आणि उत्तर येई, 'आत्मविश्वास हीच यशाची गुरुकिल्ली.' पाठोपाठ लातूरच्या एका क्लासचं नाव येई. तो क्लास गुरुजींच्या मेहुण्याचा होता, पण देवाला नातेवाईक वर्ज्य आहेत असं कुठे लिहिलंय?

दीपालीला डाउन सिंड्रोम होता. ती लातूरच्या भूकंपानंतरच्या वर्षी जन्मली, म्हणून लोक आधी तिला भूकंपाची पोर म्हणत आणि दाराशी थांबत नसत. आता तेच माउली म्हणून तिच्या पाया पडत. गुरुजी सांगत, "हिच्यात ज्ञानाचा समुद्र हाय. जीभ तेवढी आड येती. हिला बोलाया शिकवाल तर सिद्धी जाईल!" म्हणून नागाबाईनं तिला लातूरला, अशा मुलांना बोलतं करणाऱ्या नाझनीनबाईंच्या वर्गात नेणं बंद केलं. तिथे दीपाली खुणांबरोबर शब्द शिकू लागली होती. आता ती काही बोलली की तिला गप्प करत.

नागाबाई भोळी नव्हती. पण एका गुरुवारी पाटीवर आलं होतं, 'आई, तू माझ्यासाठी फार सोसलंस.' एवढं लांब वाक्य लेकीकडून तिला कधी मिळालं नव्हतं. त्या वाक्यासाठी ती गुरुजींचं वाट्टेल ते ऐकत होती.

आज गर्दीतून नाझनीनबाईच पुढे आल्या. "गुरुजी, माउलीला मीपण एक विचारू?"

"खुशाल! आत्म्याला जातधर्म न्हाई," म्हणत गुरुजींनी डोळे मिटले.

तेवढ्यात बाईंनी पिशवीतून एक चित्र काढलं, दीपालीला दाखवलं आणि नागाबाईकडे दिलं. "पदराखाली ठेवा." मग दुसरं चित्र पिशवीतून अर्धवट बाहेर दिसेल असं गुरुजींच्या बाजूला ठेवलं.

"सेली!" दीपाली ओरडली. मोकळ्या हाताची दोन बोटं तिनं शिंगांसारखी डोक्यावर धरली.

"मौन, माउली, मौन," गुरुजींनी डोळे न उघडता, तिचा शब्द कानाआड करत तो हात खाली ओढला.

"सांगा माउली, मी तुम्हाला काय दाखवलं?" बाईंनी विचारलं.

गुरुजींचे डोळे उघडले ते थेट पिशवीवर. बोट सरसरलं. दीपाली पाटीकडे बघतही नव्हती, तिची नजर आईच्या पदराकडे होती. तरी बोट कुठे अडखळलं नाही. 'एसटी.'

पिशवीतून लाल एसटी डोकावत होती. गर्दीनं टाळ्या पिटल्या.

नागाबाईच्या पदराखालच्या चित्रात काळी शेळी होती. नागाबाई गप्प बसली असती तर चमत्कार टिकला असता, आणि ते वाक्यही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं चित्र वर धरलं.

"गुरुजी, माझ्या लेकीनं शेळी बघितली. एसटी तुमी बघितली."

"आत्म्याला कधीकधी शेळीतबी एसटी दिसती," गुरुजी म्हणाले.

"मग त्याच शेळीवर बसून जावा लातूरला," मागून एक म्हातारी बोलली.

नाझनीनबाई म्हणाल्या, "मनगट धरणाऱ्याच्या मनात जे असतं, तिकडंच बोट जातं. कधी त्याला सोताला पण कळत नाही. हात सोडा आणि बघा."

गुरुजींनी हात सोडला. मोकळं झालेलं बोट शेळीच्या चित्राकडे गेलं.

"मग ते वाक्य?" नागाबाईनं हळूच विचारलं.

"ते गुरुजींचं होतं, बाई. हिचं बोलणं लहान आहे, पण हिचं आहे. ती एक शब्द बोलली की त्यात तुमचा एक घाला, परत म्हणा आणि थांबा."

मुलाला बोलतं करायचा मंत्र नसतो, वाचकहो. त्याला वस्तू दाखवायची, खूण करायची, नाव सांगायचं आणि उत्तराची वाट बघायची. हे रोज करावं लागतं आणि त्याला गर्दी जमत नाही. त्याचा हात धरून कुणी मोठमोठी वाक्यं काढू लागला, तर आधी हात सोडायला सांगा.

नागाबाई लेकीसमोर बसली. "हाव गं, शेळी. काळी शेळी." आणि थांबली.

दीपालीनं आईचे ओठ निरखले. स्वतःचे हलवून बघितले.

"काली सेली," ती म्हणाली.