मनकर्णाबाईची ठेव

“हात दाखव.”

सटवाने हात पाठीमागे घेतला. आयटीआयच्या वर्कशॉपच्या दारात सानप सर रोज असेच उभे असत. बाही कोपराच्या वर हवी, अंगठी-कडं नको, आणि दोरा-गंडा तर मुळीच नको. पोरं त्यांना पाठीमागे ‘चेकनाका’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

सटवाच्या मनगटावर काळा दोरा होता.

“आईनं बांदलाय, सर. तोडू देनार न्हाई.”

“मग लेथ मशीनला हात लावायचा न्हाई.”

आठ दिवस पोरगं दाराशी बसून राहिलं. सर आतल्या आत चरफडत होते. पोराच्या हाताला देणगी होती. वर्ष संपलं की सहकारी साखर कारखाना शिकाऊ कामगार घेणार होता. तिथं लागला तर ठीक, नाहीतर आईबापांसारखा कोयता होताच.

शेवटी रविवारी सरांनी सायकल काढली. सलग दुसऱ्या साली पावसाने पाठ फिरवली होती आणि सटवाचं अर्धं गाव ऊसतोडीला निघालं होतं. मुकादमाचा ट्रक पारापाशी उभा होता. सटवाची आई मनकर्णाबाई त्यात भांडी चढवत होती. सटवा शेजारीच होता.

“दोरा कावून तोडू, सर?” ती म्हणाली. “ह्याच्या आदी दोन गेले माजे. ह्यो दोऱ्यावर जगलाय. आमी सा महिने तिकडं. हितं त्याला कोन हाय?”

सरांनी उजवा हात पुढे केला. त्याची दोन बोटं मुळापासून नव्हती.

“माज्या बी आईनंच बांदला व्हता, बाई. फिरत्या मशीनीत दोरा गुतला अन् हात आत वडला. ती माउली मरंस्तवर सोताला दोष देत ऱ्हायली. बोटांपरीस मला त्येच लई लागतं.”

मनकर्णाबाई त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने बोचक्यातला कोयता काढला, सटवाचा दोरा गाठीपाशी कापला आणि सरांच्या मनगटाला बांधला.

“आता तुमीच बगा त्याला.”

आता चेकनाक्याचीच पंचाईत झाली. रोज सकाळी सर स्वतःचा दोरा सोडून दाराच्या खिळ्याला अडकवत आणि मगच पोरांचे हात बघत. संध्याकाळी तो परत बांधायचा तर एकट्याला गाठ जमेना. ती सटवा मारून देई. सहा महिने त्यांनी त्या पोराला डोळ्यांत तेल घालून जपलं. स्वतःच्या लेकराचीही एवढी धास्ती त्यांनी कधी घेतली नव्हती.

पाडव्याच्या तोंडावर मनकर्णाबाई ट्रकमधून उतरली ती थेट वर्कशॉपच्या दारात आली. सटवाची कारखान्यात निवड झाल्याचं सर सांगू लागले, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने लेकाचे तेलकट हात धरले आणि उजव्या हाताने एकेक बोट चाचपून मोजलं.

“धा,” ती म्हणाली आणि रडू लागली.

सरांनाही भरून आलं. त्यांनी खिळ्यावरचा दोरा काढला. “घ्या बाई, तुमची ठेव. आणा हात, बांदून देतो.”

तिचा डावा हात पदराआडून निघाला आणि तिथेच थबकला. तर्जनीला चिंधी होती, आणि चिंधी अर्ध्यावरच संपत होती.

“दहिवरानं ऊस वला व्हता,” ती दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं बोलली. “कोयता निसटला.”

सरांनी दोरा तिच्या मनगटाभोवती घेतला. गाठ त्यांना जमेना. मग सटवा पुढे झाला, पँटला हात पुसले आणि त्याने गाठ मारली.