जवारीचा नियम

"जवारीत गेलेल्या मानसाले हाका मारत राहाव्या, पोरी. उत्तर नाही आलं, तं वाट नाही पाहावं. घुसावं."

लग्नाच्या पहिल्याच वर्षी पंचफुलाबाईनं सुनेला हे सांगून ठेवलं होतं. दीपा नुकतीच इतिहासात एमए झालेली, डोक्यात सगळ्या सनावळ्या. ती हसली होती. "आई, आता जवारी राहिली कुठं? जिकडं पाहावं तिकडं पऱ्हाटी." खोटं नव्हतं ते. आर्णीच्या चहूबाजूंनी कपाशी, मधे मधे सोयाबीन. कमरेएवढ्या पिकात माणूस हरवतो कसा?

त्याला पाच वर्षं झाली. आता कडेवर दोन वर्षांची चिऊ होती आणि डोळा सारखा नवऱ्यावर. संघर्ष कापसाच्या खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. गाडीतल्या कापसात हात खुपसायचा, चिमटीनं धागा ओढायचा आणि प्रत सांगायचा. केंद्र बंद पडलं, आणि हाताबरोबर त्याची जीभही रिकामी झाली. जेवा म्हटलं की जेवायचा. दुपारी सायकल काढून जायचा, कुठं ते सांगायचा नाही. त्या वर्षांत शेतात औषध प्यालेल्या, फास घेतलेल्या माणसांच्या बातम्या गावोगावहून इतक्या यायच्या, की अंगणात सायकलची घंटा वाजेपर्यंत दीपा ताटावर बसत नसे.

बोलायचा तो फक्त रविवारी, सलील आला की. दोघं कॉलेजपासूनचे दोस्त. यवतमाळच्या रद्दीत त्यांना एक पुस्तिका सापडली होती: टेबलावर खेळायच्या लढाईचे नियम, नेपोलियनच्या काळातले. फासे टाकायचे, दोरीनं अंतर मोजायचं, पलटणी सरकवायच्या. संघर्षनं सैनिक केले होते सरकीचे. पुठ्ठ्यावर ओळीनं चिकटवलेली सरकी, निम्मी लाल रंगवलेली. आता त्यांना तेच नियम आपल्या मुलखाला बसवायचे होते. १८०३ सालची अडगावची लढाई, एका बाजूला भोसले-शिंदे, दुसरीकडं इंग्रज. सनावळ्यांसाठी दीपा होतीच.

तोफांचे घोडे गेले, बैल आले. बर्फाचा नियम खोडून तिनं काळ्या मातीचा लिहिला: ओली असेल तर चाल निम्मी. तरी खेळ काही जमेना. दर वेळी चौथ्या डावाला भोसले खलास.

"वहिनी, तुमच्या इतिहासातच खोट आहे," सलील म्हणाला. "माझ्या इंग्रजी तोफांना टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाची मुंगी दिसते. याचे लोक लपतील कुठं?"

पंचफुलाबाई तूर निवडत बसली होती. तिनं टेबलावरच्या हिरव्या चादरीकडं मान वळवली. "हे काय पेरलं बाबा तुम्ही?"

"पऱ्हाटी, आई," संघर्ष म्हणाला.

"येडे झाले काय? तवाच्या काळी इतकी पऱ्हाटी कोन लावे? मानूस खाईन काय, बोंडं? जवारी असन. घोड्यावरचा मानूस दिसत नसे तिच्यात."

तिघंही चादरीकडं नव्यानं पाहू लागले. उभ्या जन्मात कपाशीच पाहिलेली ती पिढी. दोनशे वर्षांपूर्वीही त्यांनी कपाशीच पेरली होती.

मग झाडूच्या काड्या मोडून चिखलाच्या गोळ्यांत रोवल्या गेल्या. दीपानं नवा नियम लिहिला: जवारीत शिरलेली पलटण टेबलावरून उचलायची. कुठं आहे ते फक्त धन्यानं चिठ्ठीवर लिहून ठेवायचं.

"मग सेनापतीला तरी कसं कळन, आतला जिता आहे का मेला?" सलीलनं विचारलं.

"हाक मारावी," पंचफुलाबाई म्हणाली, नजर तुरीवरच ठेवून.

तेही लिहिलं. हाक मारायची, फासा टाकायचा. तीनच्या वर पडलं तर पलटणीचं उत्तर आलं. पण हाक शत्रूलाही ऐकू जाते.

त्या दिवशीच्या खेळात संघर्षनं एकेक करून सगळ्या पलटणी जवारीत घातल्या आणि एकही हाक मारली नाही.

"अबे, हाक मार न!" सलील वैतागला.

"कायले? शत्रूले कळन."

टेबलावर त्याचं काहीच उरलं नाही. नुसत्या काड्या, खिडकीतलं ऊन आणि काड्यांच्या लांबच लांब सावल्या. कित्येक महिन्यांनी संघर्ष हसला. "किती बरं वाटते न," तो हळूच म्हणाला, "कोनीच दिसत नाही."

दीपाच्या हातातली पेन्सिल थांबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायकल गेली, तशी तीही निघाली, चिऊला कडेवर घेऊन. पोळा होऊन पंधरवडा झाला होता. त्या भागात जवारीचा एकच तुकडा होता, महागावच्या रस्त्याला, धावजी नावाच्या शेतकऱ्यानं गुरांच्या कडब्यासाठी लावलेला; ती थेट तिकडंच गेली. बांधावर सायकल आडवी पडलेली.

"अहो!" तिनं हाक मारली. पानं सळसळली. "चिऊचे बाबा!"

उत्तर नाही. ती घुसली. आत वेगळंच जग होतं. ऊन हिरवं होऊन खाली झिरपत होतं, डोक्यावर कणसं डुलत होती, आणि दोन पावलांत मागची वाट मिटली. तिला वाटलं आपण टेबलावरच्या त्या चादरीवर चालतोय, आभाळातून कोणी दोरीनं आपलं अंतर मोजतंय. इथं दोनशे वर्षांपूर्वीची माणसं अजून बसली असतील, हाक न मारलेली. चिऊ पानं धरायला हात पसरून हसत होती. दीपाच्या लक्षात आलं: अहो म्हटलं तर इथं कोणीही असू शकतं. सासरी आल्यापासून नवऱ्याचं नाव तिनं तोंडातून काढलं नव्हतं.

"संघर्ष!"

पानं.

"संघर्ष! संघर्ष!"

"आहे," आवाज आला, अगदी जवळून.

गुडघे मिटून तो ढेकळांवर बसला होता. हातात काही नव्हतं. ते तिनं आधी पाहिलं, मग श्वास सोडला.

"काय करून राह्यले इथं?"

"काही नाही. बसलो."

"मी मेली ओरडून! उत्तर काहून देलं नाही?"

"मले वाटलं, दुसऱ्याच कोनाले आवाज देऊन राह्यली." तो तिच्याकडं बघत राहिला. "माझं नाव घेतलं तू."

चिऊ त्याच्या मांडीवर घसरली. बराच वेळ कोणी उठलं नाही. मग तिघं आवाजाच्या अंदाजानं, रस्त्यावरच्या गाड्या ऐकत, बाहेर आली.

सलीलची पुढच्याच महिन्यात पुण्याला बदली झाली. जाण्याआधी त्यानं नियमांच्या तीस झेरॉक्स काढून असले खेळ खेळणाऱ्या ओळखीपाळखीच्यांना वाटल्या. शेवटच्या पानावर, सगळ्या आकड्यांच्या खाली, दीपानं आपल्या अक्षरात लिहिलं होतं:

"जवारीतल्या पलटणीला दर डावाला हाक मारणं बंधनकारक. शत्रूला कळलं तरी चालेल. आणि हे वाचणाऱ्या दादा-ताई, आमच्या घरी आता रविवारी कोणी येत नाही. हाका मारायला मी आणि आई दोघीच आहोत. आर्णीवरून जाणं झालं, तर शाळेमागं निळ्या दाराचं घर आहे. अहो नका म्हणू. संघर्ष म्हणून नावानं हाक मारा, आणि 'आहे' ऐकू येईपर्यंत दारातून हलू नका."