घरी चाललेला माणूस

अमृत ढोकेने पाकिटातून रेकॉर्डची तबकडी बाहेर काढली, दोन्ही तळव्यांत कडेने धरली आणि यजमान कृष्णकांतांपुढे केली. मधल्या रेघांना बोट लागू द्यायचे नाही, हे कचेरीतल्या देवरावांनी कामठीच्या बसथांब्यापासून त्याला बजावत आणले होते. कृष्णकांतांनी तबकडी खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. लेबलावर कुणीतरी फार पूर्वी ओला पेला ठेवला असावा. नावाच्या जागी एक फिकट वर्तुळ उरले होते.

"कोणाची आहे?"

"माहीत नाही, साहेब. मिळाली तेव्हापासून अशीच आहे."

"बिननावाची पाहुणी," कृष्णकांत म्हणाले आणि मखमलीच्या कापडाने तिच्यावरची धूळ टिपू लागले.

शहरातल्या सदर भागातल्या त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात चार-सहा मंडळी वेताच्या खुर्च्यांवर बसली होती. भिंतीभर फळ्या, आणि फळ्यांवर तबकड्या: पुस्तकांसारख्या उभ्या, पाठीला पाठ लावून. आत आल्यापासून अमृतची नजर राहून राहून तिकडे जात होती आणि कुणी पाहत आहे असे वाटले की परत येत होती. त्याच्याजवळ तीनच तबकड्या होत्या. कामठीच्या लष्करी छावणीतले एक अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हा व्हरांड्यात मांडलेल्या सामानातून त्याने एक जुना रेकॉर्डप्लेअर आणि त्याबरोबर त्या तीन तबकड्या उचलल्या होत्या. जॅझ हा शब्दही त्याने तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. पुढे दोन वर्षे त्या तिघींवरच त्याचे चालले होते. कचेरीत टायपरायटरवर बसला की त्याची बोटे नकळत दुसऱ्याच लयीत पडत, आणि शेजारच्या टेबलावरच्या देवरावांनी एकदा ती लय ओळखली होती. या खोलीत येण्याचे निमंत्रण त्यातूनच आले. गेले आठ-दहा दिवस तो जागच्या जागी बसू शकला नव्हता.

दर रविवारच्या या जॅझ ऐकण्याच्या बैठकीची एक रीत होती. नव्या माणसाने आपली एक तबकडी आणायची आणि ती लागण्याआधी, तिच्यात आपल्याला काय ऐकू येते ते सांगायचे. यंत्राला हात फक्त कृष्णकांतांनी लावायचा. तबकडी संपल्यावर ते "पुढच्या रविवारी या" म्हणाले, तर माणूस बैठकीतला झाला आणि त्या फळ्या त्याला खुल्या झाल्या. नाही म्हणाले, तर चहा घेऊन निघायचे.

"बोला, ढोके," कृष्णकांत म्हणाले. "घाई नाही."

अमृत उभा राहिला. उभे राहायची गरज नव्हती, हे त्याला उभे राहिल्यावर कळले. कृष्णकांतांच्या पत्नी, उत्तराबाई, चहाचा ट्रे घेऊन दाराशी आल्या होत्या. तो बोलणार असे पाहून त्या तिथेच थांबल्या.

"यात ट्रम्पेट वाजवणारा एक माणूस आहे," तो म्हणाला. "तो घरी चालला आहे, असं मला वाटतं. पण त्याला घरी पोचायचं नाही. प्रत्येक सुरापाशी तो थांबतो, जसं कुणी ओळखीच्या दारासमोर थांबावं. आत दिवा दिसतो. मग तो पुढे जातो. मागून ड्रमवर कुंचल्यासारखं काही फिरत असतं, ते पावलांचं घासत चालणं आहे. शेवटी तो वाजवायचं थांबतो, पण पोचलेला नसतो. एवढंच."

तो बसला. देवरावांनी त्याच्याकडे पाहून भुवया उंचावल्या. त्यात कौतुक होते.

हे सारे त्याने पाठ केलेले नव्हते. ते पहिल्यांदा बोलले गेले होते कामठीच्या त्यांच्या गल्लीत, जिथे घराघरांतून यंत्रमाग धडधडत आणि संध्याकाळी दिव्याची तार शेंदरी होऊन जाई. त्याची बहीण प्रेमिला भिंतीशी बसून चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरी. तो रेकॉर्डप्लेअरच्या जाळीला कान लावून बसे, कारण मागांच्या आवाजात दुसरा इलाज नव्हता.

"काय गा दादा, या माणसाले कोणी मारलं का?" प्रेमिला एकदा म्हणाली होती. "काहून रडून राहिला?"

"रडून नाही राहिला. घरी चालला आहे तो."

"मंग पोचून काहून नाही राहिला? रोज तर पाहून राहिली मी, थो चालूनच राहिला. तुह्यावानी आहे."

ती हसली होती, आणि कांडी बदलून पुन्हा चरखा फिरवू लागली होती. पण त्या दिवसापासून तबकडी लागली की तीही चरखा थोडा हळू फिरवी.

कृष्णकांतांनी सुई टेकवली. खरखर झाली, आणि मग ट्रम्पेट सुरू झाला.

अमृतला पहिल्या क्षणी वाटले की तबकडी बदलली. सूर उंच होते, चकचकीत होते, एकमेकांच्या पाठीवर उड्या मारत होते. ड्रमवरचा कुंचला चुरचुरत पळत होता. पियानो मध्येच खिदळल्यासारखा वाजून जाई. त्याने फिरत्या लेबलाकडे पाहिले. पेल्याचे फिकट वर्तुळ तिथेच होते. तबकडी त्याचीच होती. आणि हळूहळू, अनोळखी कपड्यांत आलेला नातलग ओळखू यावा तसा, त्या धांदलीतून एकेक सूर त्याला ओळखू येऊ लागला.

देवरावांचा पाय फरशीवर ताल धरू लागला होता. खिडकीपाशी बसलेल्या गृहस्थांनी रुमाल तोंडाशी नेला. बोलायचे नाही, ही इथली शिस्त. ती कुणी मोडली नाही. पण आपण आताच जे बोललो ते खोलीत अजून तरंगते आहे आणि सगळे त्याच्याखालून मान वाकवून बसले आहेत, असे अमृतला वाटले. त्याने हात गुडघ्यांखाली दाबून धरले. उठून जावे असे दोनदा मनात आले. दार लांब नव्हते, पण दारात उत्तराबाई होत्या.

तबकडी संपली. कृष्णकांतांनी सुई उचलली.

"साहेब," अमृत म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच दुसऱ्याचा वाटला. "मशीन जोरात तर फिरत नाही ना?"

कृष्णकांत रागावले नाहीत. त्यांनी खणातून ठिपक्यांची एक कागदी चकती काढली, फिरत्या तबकडीवर ठेवली आणि टेबलावरचा दिवा तिच्यावर आणला.

"या, पाहा. वेग चुकला तर हे ठिपके सरकताना दिसतात. दिसतात का?"

ठिपके जागच्या जागी उभे होते.

"तुमच्याकडे व्होल्टेज कसं असतं?"

अमृत काही बोलण्याआधी देवराव मोठ्याने हसले. "अहो साहेब, कामठीत कायचं व्होल्टेज! माग चालू झाले की दिवा चिमणीवानी होते. पंखा तर पाते मोजून घ्या असा फिरते. याचं जुनं मशीन बिचारं ओढूताणून हळूहळू फिरत असंन. काय गा अमृत, माणूस घरी नव्हता चालला, करंट चालला होता!"

सगळेच हसले, मघापासून अडवून धरलेले हसू होते ते, त्यात वैर नव्हते. अमृतही हसला. शुक्रवारी गल्लीतले माग बंद असतात आणि दिवा पुरा उजळतो, हे त्याला आठवले. पण शुक्रवारी संध्याकाळी तो बुद्धविहारात मुलांना इंग्रजी शिकवायला जात असे. दोन वर्षांत एकदाही त्याने शुक्रवारी तबकडी लावली नव्हती.

"मनाला लावून घेऊ नका," कृष्णकांत म्हणाले. "नाचाच्या दिवाणखान्यात वाजवायचा तुकडा आहे हा, चांगला आहे. आता तुम्ही तो खरा ऐकलात. बाकीचंही हळूहळू ऐकाल." त्यांनी फळ्यांकडे हात केला. "पुढच्या रविवारी या."

देवरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ज्या तीन शब्दांसाठी त्याने इस्त्रीचा सदरा दोनदा बदलला होता, ते बोलले गेले होते. अमृतने मान लववली.

उत्तराबाईंनी ट्रे आत आणला. पहिला कप त्याच्यापुढे धरताना त्या हळूच म्हणाल्या,

"मग ते घरी चाललेले गृहस्थ कुठं गेले हो?"

"अगं, ते नव्हतेच," कृष्णकांत म्हणाले.

"यांनी तर पाहिलं त्यांना. मी ऐकायला म्हणून थांबले होते."

अमृतने कप घेतला नाही. तो उठला आणि यंत्रापाशी गेला. थाळी अजून फिरत होती. त्याने ठिपक्यांची चकती बाजूला काढून ठेवली आणि सुईचा दांडा उचलला. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली.

"अहो ढोके..."

सुई टेकली. ट्रम्पेट पुन्हा उसळून बाहेर आला. अमृतने उजव्या हाताचे एक बोट तबकडीच्या कडेला लावले.

पहिल्यांदा बोट जास्तच दाबले गेले. तबकडी गुरगुरून थांबली. त्याने दाब सैल केला. सूर वर चढू लागले, त्याने पुन्हा थोडे धरले, आणि कुठेतरी मध्ये तो आवाज आला. खाली उतरलेला, जड, ओळखीचा. सूर थांबला, दाराशी उभा राहिला, पुढे गेला. बोट हलले की तोही डगमगे. उत्तराबाईंनी ट्रे टेबलावर इतक्या हळू ठेवला की बशीचाही आवाज झाला नाही. कृष्णकांत खुर्चीतून अर्धे उठले होते. ते तसेच राहिले.

अमृतने मान वर केली नाही. घरी जे आपोआप होत असे, ते इथे त्याला हाताने धरून ठेवावे लागत होते, आणि हाताला आता असे काही कळत होते जे कानाला कधी कळले नव्हते. बोटाखालून तबकडी सारखी पुढे ओढ घेत होती. त्या माणसाला पोचायचे होते. त्याला फार घाई होती.

बोटाच्या पेराला ऊब लागू लागली. अजून थोडे, असे स्वतःशी म्हणत अमृत त्या माणसाला धरून राहिला.