सुनेची पहिली प्रार्थना

सासूबाईंचा देवाशी अगदी घरोबा. बाकीच्या बायका प्रार्थनेत चाचरायच्या. सासूबाई शेजारणीला हाक मारावी तशी देवाला हाक मारायच्या. "बापाजवळ जायला कसली गं भीड?" असं दर शुक्रवारी त्यांच्या हॉलमध्ये गुडघे टेकलेल्या दहाजणींना ऐकवायच्या.

सून मात्र मुखदुर्बळ. दिवसभर इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची आणि प्रार्थनेची पाळी आली की मान खाली घालायची. मग तिच्या वाटचं सासूबाईच मागायच्या.

गेल्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं. जड उचलू नको असं बजावलेलं असताना तिने ओल्या चादरींचं गाठोडं उचललं होतं. हे तिने फक्त सासूबाईंना सांगितलं, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून. त्याच आठवड्याच्या शुक्रवारी सासूबाईंनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात ते सगळं देवापुढे मांडलं. "प्रभू, तुझं दान हिने आपल्या हाताने घालवलं. हिला क्षमा कर!"

दुसरीची प्रार्थना मध्येच तोडायची नाही, हा तिथला दंडक. काहीही कानावर पडलं तरी शेवटी आमेन म्हणायचं. सूनही म्हणाली. संध्याकाळपर्यंत गोष्ट नवऱ्याच्या कानावर गेली. तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नव्हता.

सोमवारी सासूबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधीच्या शुक्रवारी त्या खुर्चीत बसल्या होत्या आणि प्रत्येक बाई त्यांच्यासाठी मागत होती. सुनेची पाळी आली. सासूबाई सवयीने तिच्या वतीने सुरुवात करणार, तोच ती बोलली.

"हे प्रभू, आईंना धीर दे. त्या चारचौघींत बोलून दाखवत नाहीत, पण फार घाबरल्यात. सकाळी मी त्यांची पाठ चोळत होते, तेव्हा माझा हात धरून विचारत होत्या, 'देव खरंच असेल ना गं तिथे? का मी उगाच बडबडले जन्मभर?' प्रभू, त्यांच्या अविश्वासाची त्यांना क्षमा कर."

तिचा आवाज एकदाही अडखळला नाही.

आमेन यायला जरा वेळ लागला. मग बायका उठल्या आणि खुर्चीभोवती गोळा झाल्या. सासूबाईंच्या डोक्यावर, खांद्यांवर हात ठेवून एकीमागून एक त्यांच्या विश्वासासाठी रडू लागल्या. कालपर्यंत ज्यांना त्या प्रार्थना शिकवत होत्या, त्याच. त्या गर्दीतून सासूबाईंचे डोळे फक्त सुनेला शोधत होते.

सून चहा टाकायला आत निघून गेली. आता मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं, झालं नाही. बाहेरून सासूबाईंनी हाक मारली, बारीक आवाजात, दोनदा. दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली टपकायला लागलं, तरी ती गॅसकडे बघत तशीच उभी राहिली.