अग्रलेखाची बैठक

ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या बुद्धविहारात दर रविवारी वंदना झाली की बाबुराव विहारात येणाऱ्या पेपरातला अग्रलेख वाचत. मोठ्याने, अथपासून इतिपर्यंत. मग प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा आणि बाबुरावांनी उत्तर द्यायचं. बावीस वर्षं हा नेम. खोपटच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेला माणूस, पण संपादकावर जीव असा की सख्ख्या भावावर नसेल.

संपादकाचं मात्र अलीकडे चित्त ठिकाणावर नव्हतं. एकदा नटीच्या लग्नावर अग्रलेख, एकदा पावभाजीवर. बैठकीतले लोक गळायला लागले. बाबुराव धरून उरले बारा. शेवटी विहाराचा सेक्रेटरी रत्नदीप म्हणाला, "काका, या रविवारी मतदान घेऊ. पेपर बंद करायचा की काय, ते एकदाचं ठरू दे."

"घे की!" बाबुरावांना कसली भीती? गुरुवारीच बायकांनी पाण्यासाठी हंडा मोर्चा काढलेला, आणि बाबुराव स्वतः ठाण्याला जाऊन पेपरच्या ऑफिसात निवेदन देऊन आलेले. या वेळी आपल्यावर लिहिणारच, असं सगळ्यांना सांगत सुटलेले.

रविवारी पान उघडलं. अग्रलेख होता बाल्कनीतल्या बागेवर.

दुसरा कुणी असता तर त्याने गुपचूप पान उलटलं असतं. बाबुरावांनी घसा खाकरला आणि सगळा वाचला, एक शब्द न गाळता.

पहिला प्रश्न त्यांच्या बायकोचा, केशरबाईंचा. "झाडांना पाणी किती वेळा घालायचं म्हणतात?"

"दोनदा."

"रोज?"

"रोज. उन्हाळ्यात पानांवर शिंपडायचं, ते वेगळं."

कुणी हसलं नाही. आठ दिवस नळाला थेंब नव्हता, हसतात काय कपाळ! शेजारच्या शेवंतीने विचारलं, "भाऊजी, हे लिहिलंय कुणासाठी?"

बाबुरावांनी चष्मा पुसला. "आपल्यासाठी नाही, शेवंती." बोलले खरे, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

"बंद करायचा म्हणणाऱ्यांनी हात वर करा," रत्नदीप पुटपुटला.

पहिला हात बाबुरावांचा. ताठ. तो बघितला आणि बाकी कुणाचा उचलेना. शेवंती उगाच पदर सारखा करत बसली. रत्नदीपने तर दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"अरे, करा ना रे वर!" बाबुराव ओरडले.

कुणी हललं नाही. शेवटी रत्नदीपने एक हात सोडवून वहीत लिहिलं: एकाविरुद्ध अकरा, पेपर चालू.

बाबुरावांचा हात अजून वरच होता. केशरबाईंनी तो धरून खाली आणला आणि सोडला नाही.