धुक्याचा भाग

दुपारचे पावणेचार झाले की हे पायात चपला सरकवून बाहेर पडायचे. चार वाजता चॅनलवर आमच्या मालिकेचे जुने भाग लागतात आणि गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या खिडकीतून ते ऐकू येतातच. आपलाच आवाज आपल्या कानावर पडू नये म्हणून हा माणूस कालव्यापर्यंत चालत जायचा आणि पाचच्या ठोक्याला परत यायचा. दीड वर्षं हे चाललं होतं. माझ्या हातून एखादा नेम चुकला असेल, पण ह्यांचा हा कधी चुकला नाही.

मालिकेचं नाव ‘कोरडं दीपगृह’. नकाशा उलटा धरणाऱ्या एका इंजिनिअरने समुद्रापासून तीन दिवसांच्या वाटेवर, भर माळावर दीपगृह बांधलं, एवढीच तिची गोष्ट. हुकूम आला आहे म्हणून दिवेकरी रोज संध्याकाळी दिवा लावतो. त्याची म्हातारी आई वरच्या कठड्यावर कपडे वाळत घालते. एक शेळी आहे, ती स्वतःला कप्तान समजते. तेवीस वर्षं, सहाशे बारा भाग, आणि एकही जहाज आलं नाही.

मालिका कार्टूनची. चित्रं दूरच्या स्टुडिओत तयार होऊन मुकी यायची आणि इथे अंधाऱ्या खोलीत, हलणाऱ्या ओठांकडे बघत, आम्ही त्यांत आवाज भरायचो. दिवेकऱ्याचा आवाज ह्यांचा. आईचा आणि शेळीचा माझा. म्हणजे घरी मी ह्यांची बायको आणि पडद्यावर ह्यांची आई. तेवीस वर्षं मी ह्यांना पगार घेऊन रागावले. दुकानात लोक मुद्दाम विचारायचे, “काय हो, घरीपण अशाच ओरडता का?” मी मान खाली घालून पिशवी उचलायची आणि हे मागून म्हणायचे, “घरी ती बोलतच नाही. म्हणून तर मी कामावर लवकर जातो.”

दीड वर्षापूर्वी ह्यांच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागलं. माणूस वाचला. तेव्हापासून गळ्याभोवती मऊ रुमाल आणि हातात पाटी. सकाळी माझी जपमाळ पूर्ण होईपर्यंत मी बोलत नाही, हा नेम लग्नाआधीपासूनचा. ऑपरेशननंतर ह्यांना सोबत म्हणून मी तो दुपारपर्यंत लांबवायचं ठरवलं, तर तिसऱ्याच दिवशी ह्यांनी पाटी समोर धरली: “दोघंही मुके झालो तर दूधवाल्याशी भांडणार कोण?” मग मी पुन्हा पूर्वीसारखी बोलू लागले.

पण एक गोष्ट मी देवापुढे बोलून बसले होते. ह्यांचा तो आवाज मी ह्यांच्याशिवाय ऐकणार नाही. ऐकीन तर शेजारी बसून, दोघं मिळून. म्हणून चारच्या सुमारास मीही खिडक्या लावून माळ घेऊन बसायची. रोजचं मागणं तेवढंच होतं, आणि ते मी ह्यांना कधी सांगितलं नव्हतं. टीव्हीची पिन ह्यांनीच काढून ठेवली होती. तिला हात लावायचं धाडस मला झालं नाही.

अशात चॅनलचं पत्र आलं. जुन्या भागांचं प्रसारणही आता संपतं आहे. शेवटच्या आठवड्यात कलाकारांच्या आवडीचे दहा भाग दाखवायचे आहेत, तरी गुरुवारपर्यंत यादी पाठवावी. मी पत्र ह्यांच्यासमोर ठेवलं. ह्यांनी वाचलं, नीट घडी घातली आणि पाटीवर एकच शब्द लिहिला, “नाही.”

बुधवारी धाकटी मुलगी आली. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कागद दिसला की तिला आकडे घालावेसे वाटतात. “बाबांना नको तर नको. आई, तू आणि मी करू,” म्हणून ती वही उघडून जेवणाच्या टेबलाशी बसली. हे पलीकडे शेंगा सोलत होते.

“सामानाच्या ट्रकचा भाग,” ती म्हणाली. “दिवेकरी ट्रकला जहाज समजतो आणि ड्रायव्हरला बंदराचे नियम वाचून दाखवतो. एकशे चार नंबर.”

शेंगा थांबल्या. पाटी वर आली. “एकशे सात.”

“बाबा, एकशे चार.”

“एकशे सात. मला सर्दी होती.”

“तुम्हाला सर्दी होती म्हणजे एकशे सात कसा होईल?”

धाकटीला ते कळणार नव्हतं, मला कळलं. आम्ही ती मालिका कधी बघितलीच नव्हती, तिच्यात बोललो होतो. आम्हाला गोष्टी आठवत नव्हत्या, श्वास आठवत होते. कुठल्या भागात माझा घसा बसला होता, कुठे ह्यांनी एका दमात तीन वाक्यं घेतली, कुठे शेळीचं खोकणं खरं माझंच होतं.

“तपासणी अधिकारी येतो तो,” मी म्हटलं. “माळावर चादरी अंथरून समुद्र करतात ना.”

“तेव्हा ही हसली,” पाटीवर आलं. “अकरा वेळा. रेकॉर्डिंगचा टेपकाका जेवायला निघून गेला.”

“अहो, शेळीला चादरीत पोहायला लावलंत तर माणूस हसणार नाही?”

“पगार रडण्याचा होता.”

धाकटी खो खो हसली. मग शेंगा तशाच राहिल्या. म्हातारी जिन्याच्या पायऱ्या मोजते आणि दर वेळी वेगळी संख्या येते, तो भाग. दिवेकरी पत्रमैत्रिणीला आपण भर समुद्रात राहतो असं कळवतो, तो. छत्र्यांचा. उन्हाळ्याच्या दुपारचा, ज्यात वीस मिनिटं काहीच घडत नाही आणि शेवटी शेळी म्हणते, “वारा नाही.” हे भराभर लिहीत होते, पुसत होते, सदऱ्याची बाही खडूने पांढरी झाली होती. खोलीत उन्हाचा चौकोन सरकत टेबलावर आला होता आणि त्यात ती खडूची भुकटी तरंगत होती. मला वाटलं, आम्ही तिघं पाण्याखाली बसलो आहोत आणि वरून कुणीतरी हाक मारतंय, पण उठायची घाई नाही.

नऊ भाग झाले. “दहावा?” धाकटीने विचारलं.

मी म्हटलं, “धुक्याचा.” त्याच वेळी ह्यांनी पाटी फिरवली. तिच्यावरही तेच होतं.

“हा मी पाहिलेला नाही,” धाकटी म्हणाली.

“कसा नाही? अगं, सगळ्या माळावर धुकं उतरलेलं असतं. मायलेक वर दिव्याच्या खोलीत बसलेले. खाली जमीन दिसतच नाही. मुलगा हळूच म्हणतो, ‘आई, आला.’ ती म्हणते, ‘कोण?’ ‘समुद्र.’ ‘पाय धुवून ये म्हणावं त्याला.’”

हे मान डोलावत होते. डोळे मिटलेले होते.

“मग तो विचारतो, किती खोल असेल? ती म्हणते, तुझे बाबा उतरले होते एकदा, त्यांनाच ठाऊक. बराच वेळ दोघं नुसते बघत राहतात. मग तो म्हणतो, आता जहाज येईल? आणि ती म्हणते, येईल तेव्हा येईल. तू आधी काच पूस.”

धाकटीने डोळे पुसले. मग बाईंसारखी म्हणाली, “नंबर?”

नंबर आम्हा दोघांनाही आठवेना. तिने नंबराशिवाय यादी पाठवली.

गुरुवारी सकाळी चॅनलमधून एका मुलीचा फोन आला. माझी माळ व्हायची होती, म्हणून मी ती पूर्ण होईपर्यंत फोन वाजू दिला. मग मीच उलट लावला. “मॅडम, नऊ मिळाले. धुक्याचा भाग मात्र रजिस्टरमध्ये नाही.”

“नीट बघ गं, बाळा.”

“तीनदा बघितलं. पावसाचे चार आहेत, धुळीच्या वादळाचा एक आहे. धुकं नाही.”

मी ह्यांना सांगितलं. ह्यांचा चेहरा लाल झाला. पाटीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिलं, “आहे!” खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने खाली लिहिलं, “टेपकाकाला विचार.”

टेपकाका आमचा ध्वनिमुद्रक. तेवीस वर्षं काचेपलीकडे बसलेला. आता मुलाकडे राहतो. मी फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

“वहिनी, तो भाग नाही,” तो म्हणाला.

“भाऊजी, तुम्हीसुद्धा?”

“ऐका तर. पंधराएक वर्षं झाली असतील. त्या दिवशी मशीन बिघडलं होतं, मिस्त्री येईपर्यंत थांबायचं होतं. चित्रकारांनी धुक्याचा नमुना करून पाठवला होता, रंग कसा वाटतो ते बघायला. छोटीशी पट्टी, तीच पुन्हा पुन्हा फिरत होती. पडदा रिकामा नको म्हणून मी ती लावली, आणि तुम्ही दोघं तिच्यावर बोलायला लागलात.”

“पण मायलेक बसलेले असतात ना तिथे, वरच्या खोलीत.”

“वहिनी, त्या पट्टीत माणसं नव्हती. नुसतं धुकं होतं.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे. त्या मायलेकांचे ओठ हलताना आम्ही पाहिले होते. दोघांनीही. म्हातारीच्या हनुवटीखाली पदर होता, हे मी शपथेवर सांगितलं असतं.

“आणि आवाज?” मी विचारलं. “तो तरी घेतलात ना?”

“मशीनच बंद होतं हो. मी नुसता ऐकत बसलो. मिस्त्री आला, तर त्यालाही मी हाताने थांब म्हणून खूण केली.”

फोन ठेवला. हे खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांची पाठ मला ओळखीची आहे. ती रागाची पाठ नव्हती. सहाशे बारा भागांतून ऐकू येणाऱ्या आवाजापासून जो माणूस रोज पळून जात होता, त्याला आता कुठेच नसलेला तो अर्धा तास हवा होता.

जेवणं झाली. साडेतीन वाजले. पावणेचार वाजले. चपला जागेवरच होत्या. मी भांडी आवरून आले तर ह्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या होत्या. पाटीवर लिहिलं होतं, “म्हण.”

“काय म्हणू?”

ह्यांनी माझ्याकडे तोंड केलं आणि ओठ हलवले. सावकाश, बोललेलं समोरच्याला कळावं असे नव्हे, तर ज्यांत आवाज भरायचा असतो तसे. आई, आला.

तेवीस वर्षांची सवय. मी विचार केलाच नाही. ओठ उघडले तेव्हा मी उघडले, मिटले तेव्हा मिटले. “आई, आला.” मग माझं वाक्य, म्हातारीच्या आवाजात: “कोण?” पुन्हा त्यांचे ओठ, पुन्हा माझा आवाज. “समुद्र.”

ह्यांनी हात वर केला. थांब. पाटी घेतली. “नाकातून नको. छातीतून.”

मी पुन्हा म्हटलं.

“ही शेळी झाली.”

“अहो, जमेल तसं म्हणतेय.”

“दिवेकरी घाबरट नाही. त्याला आनंद झालाय, पण तो दाखवत नाही.”

मी तिसऱ्यांदा म्हटलं. चौथ्यांदा म्हटलं. खोल काढायला गेले तर घसा घरघरला, हळू म्हटलं तर पोकळ वाटलं. हे मान हलवत होते. “कसं म्हणू सांगा ना,” मी म्हटलं. “मला आठवतच नाहीये. तुम्ही कसे बोलायचात ते मला आठवत नाहीये हो. महिना झाला. रोज शोधते, सापडत नाही.”

ते बोलून झाल्यावर मी तोंडावर हात ठेवला. हे सांगायचं नव्हतं.

ह्यांनी पाटी उचलली, पण लिहिलं नाही. उठले, टीव्हीच्या मागे वाकले, पिन बसवली. मी हात धरला, “राहू दे, माझ्यासाठी नको.” ह्यांनी हात सोडवून घेतला आणि चेहरा असा केला, जसा नव्या मुलाने सलग पाच वाक्यं चुकवली की स्टुडिओत करायचे.

भाग सुरू होऊन गेला होता. आमच्या यादीतला नव्हता. अगदी सुमार भाग होता, दिवेकरी रंगाचा डबा शोधत फिरतो तो. “आई, माझा डबा कुठाय?” तो म्हणाला.

ह्यांनी डोळे घट्ट मिटले, खुर्चीची पाठ धरली. मला वाटलं, आता बंद करतील. पण त्यांनी बोट उचलून माझ्या छातीच्या हाडावर टेकवलं. इथून. ऐकतेस ना? मी ऐकत होते. जरा घोगरा, शेवटचं अक्षर किंचित खाली सोडणारा, कपाट उघडताना मला हाक मारायचे अगदी तसा. मला वाटत होतं तो फार मोठा असेल. तसा तो नव्हता. साधा होता.

जाहिरात लागली. ह्यांचे डोळे ओले होते, पण खडू हातात होता. “आता म्हण.”

“आई, आला,” मी म्हटलं.

ह्यांनी मान तिरकी करून विचार केला. “जरा बरं,” असं लिहिलं, टीव्हीचा आवाज वाढवायचं बटण दोनदा दाबलं आणि जाहिरात संपायची वाट बघत माझ्या शेजारी येऊन बसले.